टाकीत डिझेल होतं

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. कुणी म्हणालं, "पांचाळसाहेब, जनरेटरच्या धंद्यात आयुष्य काढलंत, काही सांगा की," तर मी नांदेडच्या कापडवाल्याची गोष्ट सांगायचो. लोक हसायचे, चहा यायचा, विषय संपायचा. या अंकाच्या संपादकांनाही तीच गोष्ट हवी आहे. देतो. पण तिच्या मागून जी येते आहे ती छापायची नसेल, तर कापडवाल्याचीही छापू नका, असं मी त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं आहे.

मी लिहायला बसलोय हे कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्याचा लातूरहून फोन आला. "आता कशाला उकरता, साहेब? ती हॅचरी बंद झाली, मालक अंथरुणाला खिळले, तुमचंही वय झालं. कुणाला काय फरक पडतो?" मी म्हणालो, काही फरक पडत नसेल तर तू फोन कशाला केलास? त्यानं फोन ठेवून दिला. म्हणून आज लिहून पुरं करायचं ठरवलं.

आधी धंदा सांगतो. ज्यांच्या घरी कोपऱ्यात इन्व्हर्टर बसलेला आहे आणि छपरावर सोलर आलंय, त्यांना आमचे ते दिवस आठवणार नाहीत. भारनियमनाच्या काळात नांदेड-लातूरला वीज असणं ही बातमी असायची, नसणं नव्हे. गिरणी, दवाखाना, छापखाना, लग्नाचं कार्यालय, ज्याला त्याला जनरेटर हवा होता. मी एका डीलरकडे होतो. नांदेडला ऑफिस, लातूरला शाखा, आणि दोहोंच्या मध्ये माझी जीप. जागा पाहायची, लोड मोजायचा, किती ताकदीचा सेट लागेल ते सांगायचं, तो बसवायचा, चालू करून द्यायचा, आणि बंद पडला की शिव्या खायला पुन्हा मीच जायचं.

जनरेटर म्हणजे एका जागी उभा राहून धावणारा ट्रक. पुढे इंजिन, मागे वीज तयार करणारा अल्टरनेटर. त्याला खायला डिझेल लागतं, प्यायला पाणी लागतं आणि श्वासाला हवा लागते. डिझेलची काळजी सगळे करतात, कारण ते विकत आणावं लागतं. पाण्याची काही जण करतात. हवेची कुणीच करत नाही.

तर कापडवाला. जुन्या नांदेडात त्याचं मोठं दुकान. मी दिवसभर बसून लोड मोजला. दिवे, पंखे, दोन एसी, एक पाण्याची मोटर. पंचवीस केव्हीए ताकदीचा सेट आरामात पुरला असता. शेठनं माझा कागद पाहिलासुद्धा नाही.

"समोरच्याकडं केवढा हाय?"

"साडेबासष्टचा."

"मग मला सव्वाशेचा."

मी समजावलं. शेठ, एवढ्या मोठ्या इंजिनाला एवढंसं काम दिलं तर ते तापत नाही, आतलं डिझेल पुरतं जळत नाही, आणि न जळलेलं तेल काजळीबरोबर धुराड्यातून बाहेर पडतं. शेठ म्हणाले, "पडू द्या. आवाज तर मोठा येईल ना?" आठव्या महिन्यात फोन आला, "साहेब, तुमच्या मशीननं जावयाच्या गाडीवर पान थुंकलं!" जाऊन पाहिलं, तर नव्या पांढऱ्या गाडीच्या टपावर काळे ओघळ. जावई रुसून हॉटेलात उतरलेले. शेवटी सेटला काम मिळावं म्हणून मी दुकानाच्या मागे पाण्याच्या टाकीत मोठे हीटर बसवून दिले. दर शनिवारी दोन तास सेट चालायचा आणि पाणी उकळायचं. दुकानातली माणसं शनिवारी आंघोळ तिथंच करू लागली.

लातूरला एका वसतिगृहाच्या मालकाची दुसरी तऱ्हा. त्यानं मला न विचारता स्वतः हिशेब केला, प्रत्येक खोलीतला दिवा-पंखा धरला, आणि लिफ्ट विसरला. मोटर चालू होताना पहिल्या क्षणी कितीतरी पट जास्त करंट ओढते, तेव्हा सेट तेवढा दमदार लागतो. लिफ्ट निघाली की चार मजल्यांचे दिवे मिणमिणायचे, आणि अभ्यासाला बसलेली सगळी पोरं एका आवाजात "होऽऽ" करायची. परीक्षेच्या महिन्यात त्यानं लिफ्टला कुलूप लावलं, पण सेट बदलला नाही.

या गोष्टी मला सांगायला आवडतात, कारण यांत मूर्ख गिऱ्हाईक असतं आणि शहाणा मी असतो. पुढच्या गोष्टीत तसं नाही.

चाकूर तालुक्यात रस्त्यालगत एक हॅचरी होती. हॅचरी म्हणजे कोंबडीची अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. पहिले अठरा दिवस अंडी एका यंत्रात, शेवटचे तीन दिवस दुसऱ्या यंत्रात. त्या शेवटच्या यंत्रात पिल्लं कवच फोडून बाहेर येत असतात, हजारोंच्या संख्येनं, ट्रेवर ट्रे रचलेले. त्यांच्या अंगची ऊब आणि श्वास एवढा असतो की आतला पंखा बंद पडला तर थोड्या वेळात ती गुदमरतात. म्हणून हॅचरीला जनरेटर हवाच, आणि तो भरवशाचा हवा.

मालक अण्णाराव. घरची शेती, दोन भाऊ, गावात शब्दाला वजन. माणूस वाईट नव्हता. वास्तूवर मात्र त्यांचा जीव. त्यांच्या गुरुजींनी सांगितलं होतं, जनरेटर म्हणजे अग्नी, तो आग्नेय कोपऱ्यातच पाहिजे. आता आग्नेय कोपऱ्यात त्यांच्या कंपाउंडची भिंत, नऊ इंची, सात फूट उंच. खोली तिला टेकून बांधलेली, वर पत्रा. सेट आत ठेवला तेव्हा रेडिएटरचं तोंड त्या भिंतीकडे आलं. मध्ये जेमतेम दीड हाताचं अंतर.

रेडिएटरचा पंखा इंजिनाची गरम हवा समोर फेकतो. ती बाहेर जायला रेडिएटरच्या दीडपट तरी मोकळी जाळी लागते. समोर भिंत असली की गरम हवा आपटून मागे फिरते, खोलीत साठते, आणि इंजिन तीच हवा पुन्हा आत ओढतं. हे मला पहिल्या दिवशी दिसलं. मी अण्णारावांना म्हणालो, "या भिंतीला जाळी काढा. नाहीतर सेट फिरवून बसवू."

"फिरवला तर तोंड कुठं जाईल?"

"ऑफिसकडे."

"ऑफिसात देव हायत. देवाकडं धूर सोडू म्हणता?"

"मग भिंतीला जाळी."

"आग्नेयेच्या भिंतीला भोक न्हाई चालत, साहेब. गुरुजींनी बजावलंय. तुमी मशीनचं बघा, भिंतीचं आमी बघतो."

मी डीलरना फोन केला. ते म्हणाले, "पांचाळ, आपण सेट विकलाय, भिंत विकली नाही. चालू करून द्या आणि सही करा." महिना जानेवारीचा, सकाळची वेळ, गारठा. मी थोड्या लोडवर अर्धा तास सेट चालवला. पाण्याच्या तापमानाची सुई जागची हलली नाही. हलणारच नव्हती. मी कागदावर लिहिलं, 'जागा व हवा खेळती असणे: समाधानकारक.' आणि खाली सही केली.

आमच्या रिपोर्टच्या पॅडला तीन प्रती असायच्या. पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी ऑफिसला, पिवळी पॅडमध्येच राहायची. मध्ये कार्बन. वरच्या प्रतीवर जे लिहाल ते तिन्हींवर उमटायचं. या प्रतींचं पुढे काम आहे, म्हणून सांगून ठेवतो.

तो सेट चालवायला अण्णारावांनी ठेवलेला माणूस म्हणजे गफूरभाई. मूळचे बिलोलीचे, चाळिशीतले, आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. शाळा चौथीपर्यंत. इंजिनाला हात लावून ते काय म्हणतंय ते सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिली, त्यातले हे एक. बायको-मुलगी बिलोलीला, हे हॅचरीतच एका खोलीत राहायचे. पहिल्याच भेटीत भिंतीकडे पाहून मला म्हणाले, "साब, मशीनला तोंड दिलं, नाक द्यायला विसरले."

मी हसलो. हसण्यावारी नेलं, असं म्हणणं जास्त खरं.

मार्चमध्ये ऊन तापलं तसा त्यांचा फोन आला. "साब, अर्ध्या घंट्यात सुई लाल पट्ट्याला चिकटून राहिली. ओले बारदान टांगले, न्हाई ऐकत." मी म्हणालो, मालकांना सांगा. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "साब, रेडिएटरसमोरच्या दहा ईटा काढल्या मी. आपल्या हातानं, छन्नी लावून. सुई खाली आली! दोन घंटे चालवली, गार!"

मी म्हणालो, "बरं केलंत."

हे दोन शब्द मी बोललो होतो. ते दुसऱ्या कुणी ऐकले नव्हते, म्हणून आज लिहून ठेवतो.

चार दिवसांनी तिसरा फोन. अण्णारावांनी गवंडी बोलावून विटा परत बसवल्या होत्या, वरून गिलावा. गफूरभाईंना सगळ्या माणसांदेखत झापलं होतं. "साब, तुमी एकदा येऊन सांगा. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. तुमी इंजिनिअर." मी म्हणालो, येतो. त्या महिन्यात नवीन सेटची बरीच कामं होती. मी गेलो नाही. कामं नसती तरी गेलो असतो की नाही, कोण जाणे. गेलो असतो तर जानेवारीतल्या माझ्या सहीबद्दल मलाच बोलावं लागलं असतं.

मे महिन्यात एका दुपारी अण्णारावांचा फोन आला. नुसतं म्हणाले, "या." मी लातूरहून निघालो, तासाभरात पोचलो.

हॅचरीत शिरलं की नेहमी एक चिवचिवाट कानावर यायचा, पावसासारखा सलग. त्या दिवशी नव्हता. अकराच्या सुमारास वीज गेली होती. गफूरभाईंनी सेट चालू केला. पस्तीस मिनिटांनी तो आपोआप बंद पडला. त्यांनी रेडिएटरवर पाणी मारलं, थांबले, पुन्हा चालू केला. पंधरा मिनिटं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा सात मिनिटं. मग त्यांनी पिल्लांच्या यंत्रांची दारं उघडली, ट्रे ओढून व्हरांड्यात आणले, पुठ्ठ्यांनी वारा घातला. बाकीची माणसंही धावली. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन. जी थोडीफार वाचली ती त्या पुठ्ठ्यांमुळे वाचली. एकविसाव्या दिवसाची पूर्ण खेप होती.

मी गेलो तेव्हा गफूरभाई व्हरांड्यात उभे होते. घामानं अंग भिजलेलं, आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत पिल्लांची पिवळी लव चिकटलेली. मला पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आलेला भाव मी विसरलेलो नाही. त्यांना वाटलं, आता खरं सांगणारा आला.

मी सेटच्या खोलीत एकटा गेलो.

पॅनलवर एक लाल दिवा पेटलेला होता. इंजिनाचं पाणी फार तापलं की सेट स्वतःला वाचवायला बंद होतो आणि तो दिवा लागतो. कुणी रीसेटचं बटण दाबेपर्यंत तो विझत नाही. का बंद पडलो हे मशीननं सांगून ठेवलेलं असतं. डिझेल संपून बंद पडला असता तर तो दिवा लागला नसता. मी टाकीचं झाकण काढून पट्टी बुडवली. अर्ध्याच्या वर डिझेल. समोरच्या भिंतीवर दहा विटांएवढा गिलाव्याचा चौकोन बाकीच्या भिंतीहून वेगळ्या रंगाचा दिसत होता. त्याला हात लावला. भट्टीच्या भिंतीसारखा चटका बसला.

मग मी रीसेटचं बटण दाबलं. लाल दिवा विझला.

का दाबलं, याचं उत्तर सोपं आहे. त्या दिव्याचा अर्थ लिहिला असता, तर हवेबद्दल 'समाधानकारक' लिहिणारा कोण, असा पुढचा प्रश्न आला असता. माणूस घाबरला की त्याचा हात डोक्याच्या आधी चालतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी विचार करून, दाराकडे पाहून, कुणी नाही हे बघून दाबलं.

बाहेर अण्णाराव, त्यांचे भाऊ, गावातली दहा-पंधरा माणसं. भाऊ म्हणाले, "डिझेल विकलं असंल यानं. काढतच असतात हे लोक." जनरेटर बंद पडला की आमच्याकडे पहिला संशय ऑपरेटरवर. मशीनची चूक नसते, मालकाची नसते, बसवणाऱ्याची तर नसतेच. जो सगळ्यात कमी शिकलेला, त्याची.

अण्णारावांनी मला विचारलं, "डिझेल होतं का, साहेब?"

मी म्हणालो, "बघावं लागेल."

आत्ताच पाहून आलो होतो. पट्टी पुसलेली चिंधी माझ्या खिशात होती.

ऑफिसात बसलो. ज्या कंपनीला पिल्लं द्यायची होती तिला अण्णारावांना कागद दाखवायचा होता. "काय ते लिहा," म्हणाले. त्यांनी काय लिहायचं ते सांगितलं नाही, दाबही टाकला नाही. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मी लिहिलं, 'इंधनपुरवठा खंडित झाल्याने सेट बंद. ऑपरेटरची हलगर्जी.' कार्बनमधून ते तिन्ही प्रतींवर उमटलं. इंजिनिअरनं लिहून दिलं म्हटल्यावर टाकी उघडून पाहायला दुसरं कुणी गेलं नाही.

गफूरभाई दारात उभे होते. वाचता थोडंफार यायचं. त्यांनी अण्णारावांकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "साब, लाल बत्ती पाहिली ना तुमी?"

मी पेनाचं टोपण लावत होतो. ते बराच वेळ लावत राहिलो.

त्याच संध्याकाळी त्यांची खोली रिकामी झाली. पुढच्या पावसाळ्यात अण्णारावांनी गुपचूप सेट फिरवून बसवला. गुरुजींनी म्हणे काहीतरी तोड काढून दिली. त्यानंतर तो एकदाही तापला नाही. मशीन तेच, डिझेल तेच.

गफूरभाईंना चाकूर, अहमदपूर, लातूर, कुठंच कुणी सेटवर ठेवलं नाही. हे मला ठाऊक आहे, कारण नवे मालक मलाच विचारायचे, "तो गफूर कसा हाय?" आणि मी म्हणायचो, "माझा काही अनुभव नाही." चाकूरच्या स्टँडवर चहावाला त्यांना म्हणायचा, "गफूरभाई, कप लांबून धरा, डिझेलचा वास येतो." लोक हसायचे. ज्याचा जन्म इंजिनात गेला त्याच्या हाताला डिझेलचा वास येणारच. माझ्याही हाताला यायचा. मला तसं कुणी बोललं नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा मी बिलोलीला गेलो. मनाशी वाक्य जुळवलेलं होतं. स्टँडच्या पुढे त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॅक्टरचे रेडिएटर भिंतीला टेकून उभे, आणि मध्ये गफूरभाई कथलाचा डाग देऊन गळकी जागा बुजवत बसलेले. दाढी पांढरी, चष्म्याच्या काडीला दोरा. मला पाहून ते उठले नाहीत. स्टूल पुढे सरकवलं.

"या साब. लई वर्सांनी."

मी विचारलं, "रेडिएटरचंच काम का घेतलंत?"

"त्याच्यापायीच गेलो ना. म्हनलं, बघू तरी आत काय असतं."

हसले. मीही हसलो, आणि धीर करून म्हणालो, "गफूरभाई, मी तुमच्याकडे—"

त्यांनी डागाची कांब वर केली. "बोलू नका."

"नाही, मला बोलू द्या."

"कशाला आला ते मला तुमी रस्ता वलांडतानाच कळलं. तुमी माफी मागणार. दारात आलेल्या मानसाला मला 'जाऊ द्या साब' म्हनावं लागणार. आमच्यात दारावरून रिकामं लावत न्हाईत कुनाला. पन मला जाऊ द्यायचं न्हाई. म्हनून बोलू नका."

मग त्यांनीच विचारलं, "लाल बत्ती पाहिली होती?"

"पाहिली होती."

"डिझेल?"

"अर्ध्याच्या वर होतं."

"हाव." मान हलवली. "मला वाटायला लागलं होतं की माझंच काई चुकलं आसंल. एवढी मानसं म्हनतात तर. एक-दोनदा टाकी सपनात पन पाहिली, रिकामी."

ते उठले, हातोडी घेतली आणि गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी एक खिळा ठोकला. "तोंडी न्हाई चालायचं, साब. तुमी कागदावर लिवलं, आता कागदावरच खोडा. तसाच छापील कागद, तशीच सही. आनून द्या, मी हितं टांगतो. चहा घेता ना?"

चहा घेतला. चांगला होता.

घरी आलो आणि तो कागद मी दोन वर्षं लिहिला नाही. गफूरभाईंनी इतकं सोपं काम सांगितलं होतं आणि मला ते झालं नाही. नांदेड-लातूरमध्ये शेकडो सेटच्या कागदांवर माझी सही आहे. एक रिपोर्ट खोटा म्हटला तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पांचाळनं लोड मोजलाय म्हणजे डोळे झाकून घ्या, असं लोक म्हणायचे. त्या वाक्याची मला चटक लागली होती. बायको एकदाच बोलली. "लिहायला पॅड नाही की पेन नाही?" पॅड होतं. निवृत्तीच्या दिवशी एक अर्धं पॅड माझ्या बॅगेतच राहिलं होतं.

शेवटी एका सकाळी बसलो आणि दहा मिनिटांत लिहिला. पांढरी प्रत पाकिटात घालून बस धरली, बिलोलीला उतरलो. दुकानाचं शटर खाली, कुलपावर धूळ. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, गफूरभाई जाऊन चार महिने झाले. घरचे लोक देगलूरला मुलीकडे गेले. त्यानं मला खालीवर पाहिलं. "तुमी लातूरचे साहेब का? कागदवाले?"

मी म्हणालो, हो.

"लई वाट पाहिली तुमची," एवढंच म्हणून तो ट्यूब पाण्यात बुडवायला लागला.

मुलीचा पत्ता त्यानं दिला. मी देगलूरला गेलो नाही. घरात बसून, दार लावून तो कागद मुलीच्या हातात दिला की माझं सुटलं, असं होऊ द्यायचं नव्हतं. गफूरभाईंनी तो भिंतीवर मागितला होता, चार लोकांत. ती भिंत आता कुलपाआड आहे. म्हणून हा अंक. छापून आला की एक अंक देगलूरला पोस्टानं जाईल. ज्यांनी त्या काळी "डिझेलचोर" म्हटलं त्यांच्यातले पुष्कळ लोक अजून आहेत, आणि दिवाळीत असे अंक त्यांच्या घरी येतात. वाचा. अण्णारावांच्या घरच्यांना राग येईल, तर माझ्याकडे या, मी नांदेडलाच असतो. आमच्या डीलरचं दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. त्यानं मला म्हटलंय की कंपनीचं छापील पॅड वापरायचा मला हक्क नाही. जानेवारीत आणि मे महिन्यात तेच पॅड वापरून खोटं लिहिलं तेव्हा होता.

त्या कागदावर लिहिलंय ते असं:

'साइट: हॅचरी, तालुका चाकूर. सेट: साडेबासष्ट केव्हीए. तक्रार: चालू होऊन बंद पडतो.

पाहणी: पाण्याचं तापमान वाढल्याचा लाल दिवा पेटलेला आढळला. तो मी विझवला. टाकीत डिझेल अर्ध्याच्या वर. रेडिएटरसमोर भिंत. ऑपरेटरनं काढलेल्या दहा विटा परत लावलेल्या. त्या काढलेल्या असत्या तर सेट चालला असता.

कारण: गरम हवेला बाहेर जायला वाट नाही. जागेला मंजुरी देणाऱ्याची चूक. मंजुरी मी दिली.

ऑपरेटरची हलगर्जी: नाही. याआधीचा रिपोर्ट खोटा आहे.'

खाली डावीकडे माझी सही आहे. उजवीकडे 'प्रत मिळाली' म्हणून सही करायची जागा असते, ती रिकामी आहे.

सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात मी लिहिलं होतं, 'गफूरभाई, मला माफ करा.' मग त्यांचं बोलणं आठवलं आणि ती ओळ खोडली. पण खोडायच्या आधी पांढरी प्रत पॅडमधून फाडून घेतलेली होती. पांढऱ्या कागदावर ती ओळ खोडलेली आहे. गुलाबी आणि पिवळ्या प्रतीवर ती कार्बननं उमटली तशीच, न खोडलेली, माझ्या कपाटात पडून आहे.